नजरेआडचा नायट्रस : काय लपवावे आणि काय लपवू नये

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत नायट्रस ऑक्साइडची यंत्रणा बसवायची, पण बॉनेट उघडणाऱ्यालाही ती दिसता कामा नये, ही हौस अमेरिकेतल्या गाडीवेड्यांमध्ये खोल रुजलेली आहे. वरून कंपनीतून निघाल्यासारखी साधी दिसणारी आणि पाव मैलाच्या धावपट्टीवर मात्र भल्याभल्यांना मागे टाकणारी गाडी तिथे ‘स्लीपर’ म्हणून ओळखली जाते. अशा गाडीसाठी कोणती यंत्रणा निवडावी, हा प्रश्न ‘नळी कुठून न्यावी’ एवढ्यापुरता वाटतो. पण लपवण्याची प्रत्येक युक्ती इंजिनाकडून किंवा सुरक्षिततेकडून काही ना काही किंमत वसूल करते. ती किंमत एकेका भागापाशी थांबून तपासणे, हा या लेखाचा हेतू आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. नायट्रस पाहणाऱ्याच्या डोळ्यांपासून लपवायला हरकत नाही. इंजिनाचा संगणक, धावपट्टीवरचा तपासनीस आणि अपघातानंतर मदतीला धावणारा माणूस यांच्यापासून तो लपवू नये.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक गाडी समोर ठेवू : फोर्ड मस्टँग ५.०. हिच्या व्ही-८ इंजिनाला १९८६ मध्ये प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र इंजेक्टर मिळाला, आणि १९८७ मध्ये २२५ अश्वशक्ती. १९९३ पर्यंत चाललेली ही पिढी स्वस्त होती, मुबलक होती आणि दणकट होती. इंजेक्शनच्या गाडीवर नायट्रस कसा चालवायचा, याचे बरेचसे धडे अमेरिकेतल्या मेकॅनिकांनी याच गाडीवर गिरवले.

वायूचा स्वभाव

जोसेफ प्रीस्टली यांनी हा वायू १७७२ मध्ये तयार केला. हंफ्री डेव्ही यांनी ब्रिस्टलमध्ये तो स्वतः हुंगून त्याचे गुण नोंदवले, आणि १८४४ मध्ये हॉरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने दात काढताना भूल म्हणून तो वापरून पाहिला. इंजिनात त्याची खरी कसोटी दुसऱ्या महायुद्धात लागली. उंचावरच्या विरळ हवेत विमानाचे इंजिन धापा टाकते. जर्मन हवाई दलाने ‘जीएम-१’ या नावाने द्रवरूप नायट्रस सुपरचार्जरमध्ये सोडून त्यावर उपाय काढला. ब्रिटिशांनीही मॉस्किटो जातीच्या रात्रीच्या लढाऊ विमानांत तो वापरला.

यामागचे रसायन सोपे आहे. वजनाचा हिशोब केला तर हवेत प्राणवायू सुमारे २३ टक्के असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. सिलिंडरमधल्या उष्णतेने नायट्रसचा रेणू तुटतो, प्राणवायू मोकळा होतो आणि तितके जास्त पेट्रोल जाळता येते. शिवाय हा द्रव उणे ८८ अंश सेल्सिअसला उकळतो. नोझलमधून बाहेर पडताना त्याची वाफ होते आणि आत येणारी हवा झपाट्याने गार पडते. गार हवा दाट असते, म्हणून प्राणवायू आणखी वाढतो.

नायट्रस स्वतः जळत नाही, जाळायला मदत करतो. लोहाराने भाता जोरात मारला तर कोळसाही तितकाच टाकावा लागतो. इथे कोळशाच्या जागी पेट्रोल आहे. रसायनाच्या काटेकोर हिशोबात सुमारे साडेनऊ किलो नायट्रसला एक किलो पेट्रोल लागते, पण व्यवहारात पेट्रोल मुद्दाम बरेच जास्त देतात, कारण चूक झालीच तर ती जास्त पेट्रोलाच्या बाजूने झालेली बरी. पेट्रोल कमी पडले, म्हणजे मेकॅनिकांच्या भाषेत मिश्रण लीन झाले, की ज्वाला भलतीच तापते, इंजिन नॉक करू लागते आणि काही सेकंदांत पिस्टनला भोक पडते. नायट्रसने इंजिन उडाले म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा दोष पेट्रोल कमी पडल्याचा असतो. लपवण्याच्या प्रत्येक युक्तीला म्हणूनच पहिला प्रश्न विचारायचा : हिच्यामुळे पेट्रोलाचा पुरवठा बिघडतो का?

आधी शॉट ठरवा

नायट्रसमुळे किती अश्वशक्ती वाढवायची, त्याला ‘शॉट’ म्हणतात : ५० चा शॉट, ७५ चा, १५० चा. हा आकडा नायट्रसच्या आणि पेट्रोलच्या मार्गात बसवलेल्या बारीक भोकाच्या जेटवरून ठरतो. लपवण्याच्या बाबतीत निम्मा निकाल या आकड्यातच लागतो. शॉट लहान असेल तर एक नोझल, एक बारीक नळी आणि छोटी बाटली पुरते. शॉट मोठा झाला की जास्त नोझल, जाड नळ्या, पेट्रोलची वेगळी व्यवस्था आणि बदललेले प्लग लागतात आणि लपवण्याजोगे सामान वाढत जाते.

मस्टँगच्या मूळ इंजिनावर ७५ चा शॉट म्हणजे २२५ वरून ३०० अश्वशक्ती. १९९२ पर्यंतच्या इंजिनांत घडीव पिस्टन होते, ते मार सोसतात. १९९३ च्या गाडीत ओतीव हायपरयुटेक्टिक पिस्टन आले, ते जास्त ठिसूळ. पिस्टनच्या वरच्या रिंगेच्या दोन टोकांमधली फट लहान असेल तर नायट्रसच्या उष्णतेने रिंग फुगते, टोके एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा काठ फुटतो. मूळ इंजिनावर मोठा शॉट मागणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे.

टायमिंगचा ढोबळ नियम असा, की दर ५० अश्वशक्तीमागे ठिणगी सुमारे दोन अंश उशिरा द्यावी, कारण नायट्रसमुळे ज्वलन वेगाने होते. प्लग एक पायरी थंड जातीचा घ्यावा आणि पेट्रोल चांगल्या ऑक्टेनचे भरावे. या तिन्ही गोष्टी बाहेरून कोणाला दिसत नाहीत. लपवणाऱ्याने पहिला खर्च इथेच करावा.

सुकी की ओली?

इंजेक्शनच्या गाडीत निवडीचा गाभा हा आहे. सुक्या यंत्रणेत नोझलमधून फक्त नायट्रस सुटतो आणि वाढीव पेट्रोल गाडीच्या स्वतःच्या इंजेक्टरमधून येते. ओल्या यंत्रणेत नोझलमधून नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही एकत्र फवारले जातात.

लपवण्याच्या दृष्टीने सुकी यंत्रणा सरळ पुढे आहे. तिला एकच नोझल, नायट्रस सोडणारा-रोखणारा विजेवरचा एकच व्हॉल्व्ह, म्हणजे सोलेनॉइड, आणि बॉनेटखाली नायट्रसची एकच नळी पुरते. पेट्रोलची पाइप कुठे तोडावी लागत नाही. एअर फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत जाणाऱ्या रबरी नळीच्या खालच्या बाजूला नोझल बसवले, तर ते वरून दिसतच नाही. पण वाढीव पेट्रोल देणार कोण? त्याचे तीन मार्ग रूढ आहेत.

पहिला मार्ग जुन्या मस्टँगसाठी निघालेल्या किटांचा. या गाडीत इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमधला दाब सुमारे ३९ पीएसआय असतो आणि तो एक रेग्युलेटर सांभाळतो. नायट्रस सुरू होताच त्याचाच थोडा दाब या रेग्युलेटरच्या व्हॅक्यूमच्या तोंडाशी दिला, की रेलमधला दाब चढतो आणि त्याच इंजेक्टरमधून जास्त पेट्रोल सुटते. पेट्रोल मात्र दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दाब ३९ वरून ८० पीएसआयवर नेला, म्हणजे दुपटीहून अधिक केला, तरी पेट्रोल ४३ टक्केच वाढते. शिवाय एवढ्या दाबाला काही इंजेक्टर नीट उघडत नाहीत, आणि मूळ फ्युएल पंपाला तो दाब आणि तो पुरवठा एकदम झेपत नाही. पंप बदलल्याशिवाय हा मार्ग धरू नये. पंप पेट्रोलच्या टाकीत असतो, म्हणून बदललेला पंप कोणालाच दिसत नाही. या साऱ्या खटाटोपात सर्वांत अदृश्य आणि सर्वांत उपयोगी वस्तू तीच.

दुसरा मार्ग हवा मोजणाऱ्या सेन्सरला फसवण्याचा. तापलेल्या तारेवरून किती हवा गेली हे ती तार किती गार होते त्यावरून कळते. नायट्रस या सेन्सरच्या आधी सोडला तर तार जास्त गार होते आणि संगणक पेट्रोल वाढवतो. यात सामान फारच थोडे लागते आणि सगळे एअर फिल्टरच्या खोक्यात दडते. पण तारेला नायट्रस किती सारखा लागेल याचा भरवसा नसतो, आणि १९८६ ते ८८ च्या बहुतेक मस्टँगमध्ये हा सेन्सरच नाही. तिथला संगणक मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज बांधतो. लपवायला उत्तम, पण भरवशाला कच्चा, असा हा मार्ग आहे.

तिसरा मार्ग आजचा आणि सर्वांत चोख आहे. मोठे इंजेक्टर बसवायचे आणि नायट्रस चालू असताना ते किती वेळ उघडे ठेवायचे, ठिणगी किती उशिरा द्यायची, हे संगणकाच्या प्रोग्रॅममध्येच लिहायचे. नंतरच्या अनेक गाड्यांमध्ये जास्तीचे पेट्रोल टाकीकडे नेणारी परतीची नळी नसते. नंतरच्या वर्षांतल्या कॅमॅरो गाडीच्या एलएस-१ इंजिनात रेलचा दाब ५८ पीएसआयच्या आसपास स्थिर ठेवलेला असतो आणि पहिल्या मार्गाला तिथे वावच नाही. अशा गाड्यांत सुकी यंत्रणा हवी असेल तर ती प्रोग्रॅममधूनच न्यावी लागते.

आता ओली यंत्रणा. पेट्रोल नायट्रसबरोबरच येत असल्याने दोघांचे प्रमाण जेट बदलून हाताने जुळवता येते आणि इंजेक्टरच्या मर्यादेची चिंता राहत नाही. अडचण वेगळीच आहे. इंजेक्शनच्या गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड फक्त हवा वाहून नेण्यासाठी घडवलेला असतो; पेट्रोल अगदी शेवटी, व्हॉल्व्हच्या तोंडाशी पडते. मस्टँगच्या लांब वळणदार मॅनिफोल्डमध्ये सुरुवातीलाच पेट्रोल फवारले, तर वळणावर हवा वळते पण पेट्रोलचे जड थेंब भिंतीवर आदळतात आणि तळाशी साचतात. एका सिलिंडरला पेट्रोल जास्त, दुसऱ्याला कमी. आणि साचलेल्या पेट्रोलाला मागे आलेली ज्वाला लागली तर मॅनिफोल्डमध्येच स्फोट. ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड असा धक्का कधी कधी सोसतो. एलएस-१ सारख्या इंजिनांच्या नायलॉनच्या मॅनिफोल्डचे फुटून तुकडे होतात. ओले नोझल लपवण्यासाठी थ्रॉटलपासून दूर, एअर फिल्टरजवळ नेणे म्हणजे हा धोका हाताने वाढवणे. ते थ्रॉटल बॉडीच्या अगदी जवळच हवे, मग थोडे दिसले तरी चालेल.

प्लेट आणि प्रत्येक सिलिंडरला नोझल

थ्रॉटल बॉडी आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बसणारी, आतल्या कडेने भोके असलेली चपटी प्लेट हा मधला पर्याय. ती मॅनिफोल्डच्या रंगाशी जुळवून रंगवली तर साधा स्पेसर वाटते. १०० ते १५० च्या शॉटसाठी ती नोझलपेक्षा वायू जास्त सारखा पसरवते. पण ती ओली असेल तर मॅनिफोल्डची वळणे तिच्याही पुढ्यात उभीच असतात.

प्रत्येक सिलिंडरच्या वाटेत स्वतंत्र नोझल बसवणे ही सर्वांत अचूक पद्धत. आठही सिलिंडरना मोजून तेवढाच नायट्रस आणि तेवढेच पेट्रोल मिळते. आठ सिलिंडरांच्या सोळा नळ्या मात्र नजरेतून सुटत नाहीत. निष्णात कारागीर मॅनिफोल्ड उतरवून नोझल खालच्या बाजूने बसवतात आणि नळ्या वाकवून त्याच्या पोटाखालून नेतात. वरून काहीच दिसत नाही. काम सुरेख होते, पण एक नोझल तुंबले किंवा एक जोड झिरपू लागला तर तो पाहण्यासाठी पुन्हा मॅनिफोल्ड उतरवावा लागतो. गरम इंजिनाच्या पोटात दडलेला पेट्रोलचा जोड ही साधी बाब नाही. हे काम २०० च्या पुढच्या शॉटसाठी आणि खास बांधलेल्या इंजिनासाठीच शोभते. ७५ च्या शॉटसाठी ते करणे म्हणजे विनाकारण धोका घरात घेणे.

बाटली

सर्वांत मोठी आणि लपवायला सर्वांत अवघड वस्तू बाटली. रूढ माप दहा पौंडांचे, म्हणजे साडेचार किलो नायट्रसचे. भरलेल्या बाटलीचे वजन अकरा-बारा किलो होते. ढोबळ हिशोबाने १०० चा शॉट दहा सेकंदांत पाऊण ते एक पौंड नायट्रस पितो. ७५ चा शॉट आणि मोजक्याच धावा एवढेच करायचे असेल तर पाच पौंडांची बाटली पुरते आणि ती स्टेपनीच्या खळग्यात सहज मावते.

जागा निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, बाटलीची ठेवण. बाटलीत एक नळी तळापर्यंत गेलेली असते, ती द्रव उचलते. गाडी जोरात निघाली की द्रव मागे जातो. म्हणून व्हॉल्व्ह पुढच्या बाजूला आणि थोडा वर, लेबल आकाशाकडे, अशीच बाटली आडवी ठेवावी. खळग्यात मावावी म्हणून ती उलटी किंवा आडवीतिडवी बसवली, तर ऐन धावेत द्रवाऐवजी वायू येतो आणि ताकद मध्येच पडते.

दुसरी, तापमान. बाटलीतला दाब तापमानावर अवलंबून असतो. २० अंशांना तो सुमारे ७५० पीएसआय असतो, ३० अंशांना ९०० च्या वर जातो. बहुतेक किटांचे जेट ९०० ते १,००० पीएसआय धरून ठरवलेले असतात. ओल्या यंत्रणेत पेट्रोलचा दाब स्थिर असतो. त्यामुळे बाटली गार असेल तर नायट्रस कमी पडून ताकद घटते, आणि बाटली फार तापली तर नायट्रस जास्त जाऊन मिश्रण लीन होते. बंद खोक्यात किंवा स्पीकरच्या पेटीत लपवलेली बाटली उन्हात किती तापली हे कळत नाही. दाबाचा सेन्सर बाटलीला लावून त्याचा आकडा चालकाला दिसेल अशी सोय केल्याशिवाय बाटली झाकू नये. ती गरम करायची तर थर्मोस्टॅटचे विजेचे पांघरूण वापरावे. ज्योतीने बाटली तापवणे जीवघेणे आहे.

तिसरी, सुटका. दाब भलताच वाढला तर बाटलीची सुरक्षा-चकती फुटून वायू मोकळा होतो. तो प्रवाशांच्या जागेत सुटला तर हवेतला प्राणवायू हटवतो आणि माणूस गुदमरू शकतो. हॅचबॅक मस्टँगची मागची जागा आणि प्रवाशांची जागा एकच असते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. वेगळी डिकी असलेली दोन दारी कूप या कामाला बरी. कुठल्याही गाडीत चकतीपासून एक जाड नळी फरशीखाली बाहेर काढावी. तिचे तोंड खालून दिसले तर दिसू द्यावे.

चौथी, पकड. धक्क्यात बारा किलोची धातूची बाटली सुटली तर ती गाडीतल्या माणसांवरच जाते. बाटली धरणाऱ्या ब्रॅकेटचे बोल्ट फरशीच्या पत्र्यातून खाली जाऊन मोठ्या वॉशरवर घट्ट बसलेले असावेत. सीटखाली कापडी पट्ट्यांनी बांधलेली बाटली कितीही छान लपली तरी ती नाकारावी.

नळ्या, सोलेनॉइड आणि पर्ज

स्टीलच्या जाळीची रंगीत टोकांची नळी दुरूनच ओळखू येते. तिच्याऐवजी पूर्ण दाबाला मान्य असलेली धातूची नळी गाडीच्या पेट्रोल आणि ब्रेकच्या पाइपांशेजारून, त्याच क्लिपांच्या ओळीत नेली तर ती मूळ गाडीचीच वाटते. हे लपवणे मला मनापासून पटते, कारण यात काहीच गमवावे लागत नाही. उलट नळी दगडांपासून आणि हलणाऱ्या भागांपासून जपली जाते. सायलेन्सरच्या पाइपपासून मात्र ती दूरच हवी. उष्णतेने आतला द्रव उकळला तर नोझलपर्यंत वायूचे बुडबुडे पोहोचतात.

सोलेनॉइड पंख्याच्या आवरणामागे किंवा पुढच्या मडगार्डच्या आत दडवता येतो. पण तिथून नोझलपर्यंतचे अंतर वाढले की वायू पोहोचायला उशीर लागतो आणि बंद केल्यावरही नळीत उरलेला नायट्रस जात राहतो. ओल्या यंत्रणेत दोन्ही नळ्यांची लांबी जुळली नाही तर नायट्रस आधी आणि पेट्रोल मागून, अशी फार वाईट गाठ पडते. साधारण दोन फुटांच्या आत सोलेनॉइड बसत असेल तरच तो लपवावा.

धावेआधी नळीतला वायू बाहेर सोडून द्रव पुढे आणण्याला पर्ज म्हणतात. चित्रपटांत बॉनेटमधून उडणारे पांढरे फवारे ते हेच. २००१ च्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ने ते जगाला दाखवले. लपवणाऱ्याने पर्जचे तोंड गाडीखाली वळवावे किंवा पर्ज वगळावा. वगळला तर पहिले क्षणभर नायट्रस कमी येतो, गाडी थोडी अडखळते आणि मग उसळी घेते. लहान शॉटला हे चालण्यासारखे आहे.

बटण आणि राखणदार

नायट्रस पूर्ण थ्रॉटललाच आणि इंजिन मिनिटाला साधारण ३,००० फेऱ्यांच्या वर गेल्यावरच सुटला पाहिजे. कमी फेऱ्यांना तो सोडला तर सिलिंडरमधला दाब इतका चढतो की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. जुन्या गाड्यांत थ्रॉटलच्या तारेपाशी छोटा स्विच लावत, तो दिसतो. त्याऐवजी थ्रॉटलच्या सेन्सरचा विजेचा संकेत वाचणारे यंत्र वापरले तर बॉनेटखाली काहीच वाढत नाही, आणि तारेऐवजी विजेवर चालणाऱ्या आजच्या थ्रॉटललाही तेच लागते. चालकाचे मुख्य बटण मूळ गाडीच्या एखाद्या न वापरलेल्या बटणाच्या जागी बसवावे. सोलेनॉइड बराच विद्युतप्रवाह ओढतो. त्या बटणातून तो थेट नेऊ नये, रिले हवाच.

तीन राखणदार कधीही वगळू नयेत. फेऱ्या ठरावीक मर्यादेत असतानाच नायट्रस सोडणारा स्विच. पेट्रोलचा दाब पडताच नायट्रस तोडणारा स्विच. आणि धुराड्यातला प्राणवायू मोजून मिश्रण दाखवणारा वाइडबँड सेन्सर. पहिला विशेषतः सुक्या यंत्रणेला लागतो : इंजिन कमाल फेऱ्यांवर गेले की अनेक गाड्यांचा संगणक इंजेक्टर बंद करतो. त्या क्षणी नायट्रस चालूच असेल तर सिलिंडरमध्ये पेट्रोलविना प्राणवायू भरतो. म्हणून त्या मर्यादेच्या काही शे फेऱ्या आधीच नायट्रस तुटला पाहिजे. हे तिन्ही डॅशबोर्डमागे दडतात, म्हणून जागा नाही ही सबब इथे चालत नाही.

कोणापासून लपवायचे?

१९७६ च्या डेटोना ५०० या अमेरिकेतल्या शर्यतीच्या पात्रता फेरीत ए. जे. फॉइट आणि डॅरेल वॉलट्रिप या चालकांनी सर्वांत वेगवान वेळा नोंदवल्या. फॉइटचा वेग ताशी १८७.४७७ मैल होता. तपासणीत नायट्रसचा ठपका येऊन दोघांच्या वेळा रद्द झाल्या आणि पहिली जागा रॅमो स्टॉटला मिळाली. नियमांनी नायट्रस नाकारलेल्या शर्यतीत तो लपवणे ही फसवणूक आहे. ते कौशल्य कितीही वाखाणण्याजोगे असले तरी त्याला दुसरे नाव नाही. ‘स्लीपर’ची मजा शेजारच्या लेनमधल्या चालकाला चकित करण्यात आहे, आणि तीही बंद धावपट्टीवर, नायट्रस मान्य असलेल्या वर्गात. अमेरिकेतल्या एनएचआरए या शर्यत-संघटनेच्या नियमांत बाटली पक्की बांधलेली असणे, प्रवाशांच्या जागेत असेल तर तिची सुटका-नळी बाहेर काढलेली असणे आणि बाटलीपासूनच्या नळ्या उच्च दाबाच्या असणे बंधनकारक आहे. म्हणजे तपासनिसाला यंत्रणा दाखवावीच लागते, आणि ती दाखवण्यात कसलाही कमीपणा नाही.

रस्त्यावरचा कायदा वेगळा. कॅलिफोर्नियात धुराच्या तपासणीत बॉनेटखालचे भाग डोळ्यांनीही तपासतात, आणि राज्याच्या हवा-मंडळाची मान्यता नसलेले सामान सापडले तर गाडी नापास होते. तिथे लपवाछपवी करण्याऐवजी मान्यताप्राप्त किट घेणेच शहाणपणाचे. विम्याच्या कंपनीलाही बदल कळवलेला असावा. बाटलीच्या जागेचे लेबल बाहेरून दिसेल असे लावले तर अपघातानंतर गाडी कापणाऱ्याला ते वाचता येते. गाड्यांसाठीच्या नायट्रसमध्ये अत्यल्प सल्फर डायऑक्साइड मिसळलेला असतो. तो नशेसाठी कोणी हुंगू नये हा हेतू. पण लपलेल्या जोडातून गळती झाली तर त्याचा उग्र वास हीच पहिली सूचना ठरते.

आपल्याकडे

लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत आणि महाराष्ट्रात या छंदाची ओढ असलेले तरुण कमी नाहीत. त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक कायद्याची. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ स्वरूपात असा बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार अशा बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. नायट्रसची बाटली ही गॅस सिलिंडर नियम, २०१६ च्या कक्षेतली वस्तू आहे. तिची मान्यता ज्या संस्थेकडे आहे त्या ‘पेसो’चे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. परदेशातून आणलेली, इथे मान्यता नसलेली बाटली भरून घेणे आणि घेऊन फिरणे हा गुन्हा ठरू शकतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. ३६.४ अंश सेल्सिअसच्या वर नायट्रस द्रवरूपात राहूच शकत नाही; दाब किती का असेना. तिथून पुढे बाटलीतला दाब तापमानाबरोबर झपाट्याने चढतो. विदर्भात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ ला टेकतो, आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून कितीतरी तापते. अमेरिकेतल्या गाडीसाठी काढलेला जेटांचा तक्ता तिथे निरुपयोगी ठरतो. ज्याला हा प्रयोग करायचाच आहे त्याने तो शर्यतीसाठीच ठेवलेल्या, ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या गाडीवर, आयोजकांची परवानगी घेऊन करावा आणि बाटली गाडीत ठेवून कधी जाऊ नये.

निवड

परतीची नळी असलेल्या, मूळ इंजिनाच्या जुन्या इंजेक्शन गाडीसाठी माझी शिफारस ७५ पर्यंतच्या सुक्या शॉटची आहे : रबरी नळीच्या खालच्या बाजूला एक नोझल, टाकीत मोठा पंप, पेट्रोलच्या पाइपांच्या ओळीतून धातूची नळी, आणि वेगळ्या डिकीत सुटका-नळीसह पाच किंवा दहा पौंडांची बाटली. परतीची नळी नसलेल्या गाडीत तेवढाच शॉट, पण मोठे इंजेक्टर आणि बदललेला प्रोग्रॅम. १०० ते १५० हवे असतील तर धातूच्या मॅनिफोल्डवर रंगवलेली प्लेट. प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डवर ओले काहीही नको. त्याहून मोठा शॉट हवा असेल तर इंजिन त्यासाठी बांधावे, प्रत्येक सिलिंडरला नोझल द्यावे आणि ते उघडपणे दिसू द्यावे. पैसे मर्यादित असतील तर खर्चाचा क्रम पंप, प्लग, टायमिंग, तीन राखणदार, बाटलीची पकड आणि सुटका असा ठेवावा. लपवण्याचे सामान त्यानंतर उरलेल्या पैशांत घ्यावे. लपवण्यासाठी यांपैकी एखादी गोष्ट सोडावी लागत असेल, तर तिथे लपवण्याचाच हट्ट सोडावा.